चेटकिणींचे आठ सण

डिसेंबर १९५३. इंग्लंडमध्ये हिवाळा सुरू होता. वर्षातील सर्वांत लहान दिवस आला होता आणि त्या रात्री एका लहानशा मंडळीला आपला हिवाळी सण साजरा करायचा होता. दुपारचे जेवण आटोपल्यावर मंडळीचे प्रमुख जेराल्ड गार्डनर यांनी एकतीस वर्षांच्या डोरीन व्हॅलिएंट यांच्यापुढे काही पुस्तके ठेवली आणि रात्रीच्या विधीत म्हणण्यासाठी काही ओळी लिहून द्यायला सांगितले. डोरीनबाईंनी पुस्तके चाळली. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतील जुन्या लोकप्रार्थनांवरून त्यांना कल्पना सुचली आणि संध्याकाळच्या आत गीत तयार झाले. रात्री हंड्यात जाळ पेटवून, त्याभोवती फेर धरून ते म्हटलेही गेले.

पुढच्याच वर्षी गार्डनर यांचे ‘विचक्राफ्ट टुडे’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात या हिवाळी विधीचे वर्णन होते. ते अशा रीतीने लिहिलेले होते की वाचणाऱ्याला गीत परंपरेने चालत आलेले वाटावे. ते एका दुपारी, एका बाईने बसून रचले होते, हे कुठेही लिहिलेले नव्हते.

ही मंडळी स्वतःला ‘विच’ म्हणजे चेटूक करणारे म्हणवीत. त्यांच्या पंथाला पुढे ‘विक्का’ हे नाव रूढ झाले. आज युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा अनेक ठिकाणी तो पसरलेला आहे. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म ‘पेगन’, म्हणजे ख्रिस्तपूर्व निसर्गपूजेच्या वळणाचा, असा नोंदवला. आणखी सुमारे १३ हजारांनी ‘विक्का’ असा नोंदवला. त्यांचे सारे वर्ष आठ सणांभोवती फिरते. हे सण कोणते आणि ते आले कुठून, ही कथा मोठी मनोरंजक आहे आणि विचार करायला लावणारीही.

जकात खात्यातून चेटूकविद्येकडे

गार्डनर यांचा जन्म १८८४ चा. उमेदीची वर्षे त्यांनी सिलोन, बोर्निओ आणि मलाया येथे काढली. आधी मळ्यांवर आणि नंतर सरकारी जकात खात्यात. १९३६ मध्ये निवृत्त होऊन ते इंग्लंडला परतले. त्यांचे म्हणणे असे की, १९३९ साली दक्षिण इंग्लंडमधील न्यू फॉरेस्ट भागात त्यांना एका गुप्त मंडळीत दीक्षा मिळाली आणि ती मंडळी ख्रिस्तपूर्व काळापासून चालत आलेला धर्म जपून होती.

त्या काळी हे उघडपणे बोलणे सोपे नव्हते. १७३५ चा चेटूकविषयक कायदा अजून अमलात होता. आपल्याला चेटूक येते असा दावा करणाऱ्याला त्याखाली वर्षभराची कैद होऊ शकत असे. १९५१ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि तीनच वर्षांत गार्डनर यांचे पुस्तक बाहेर पडले.

या पंथात एक देवी आणि एक शिंगे असलेला देव, अशी जोडी पूजली जाते. विधीचे नेतृत्व पुजारीण करते. सैतानाशी या पंथाचा संबंध नाही. सैतान ही ख्रिस्ती धर्मातील कल्पना, ती विक्कावाले मानीतच नाहीत. कोणाचे वाईट न करता हवे तसे वागावे, हा त्यांचा मुख्य नियम. मंत्र-तोडग्यांवर त्यांचा विश्वास असतो. त्यांनी खरोखर काही घडते, याला मात्र विज्ञानाचा आधार नाही.

‘चेटकीण’ हा शब्द ऐकून आपल्या अंगावर काटा येतो आणि ते योग्यच आहे. पंधराव्या ते अठराव्या शतकात युरोपात चेटकाच्या आरोपावरून चाळीस ते पन्नास हजार माणसे मारली गेली आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. आपल्या देशात आजही झारखंड, आसामपासून सातपुड्यातील पाड्यांपर्यंत एखाद्या बाईला डाकीण ठरवून छळल्याच्या, ठार केल्याच्या बातम्या येतात. महाराष्ट्रातील २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा ठपका ठेवून छळणे हा गुन्हा ठरवला आहे. इंग्लंडमधल्या त्या मंडळीने हे नाव आपणहून घेतले होते. सातपुड्यातल्या बाईवर ते दुसरे लादतात. या दोन गोष्टींची गल्लत कधीच होऊ देता कामा नये.

फिरते वर्षचक्र

या आठ सणांना मिळून ‘वर्षाचे चाक’ म्हणतात. त्याचे महत्त्व कळायला तिकडचे आकाश डोळ्यांपुढे आणायला हवे. मुंबईत सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा तेरा तासांहून थोडा अधिक. लंडनमध्ये डिसेंबरचा दिवस आठ तासही भरत नाही आणि जूनचा साडेसोळा तासांवर जातो. डिसेंबरात दुपारी चार वाजताच दिवे लावावे लागतात. साहजिकच तिथला माणूस सूर्याच्या येण्याजाण्याकडे डोळे लावून बसतो.

अनेक विक्कावाल्यांचे वर्ष ३१ ऑक्टोबरच्या रात्री सुरू होते. या सणाचे नाव ‘साउइन’. पाने गळालेली, गुरे रानातून गोठ्यात आलेली. या रात्री जिवंत आणि मृत यांच्यातील पडदा विरळ होतो, अशी श्रद्धा. त्या वर्षी घरातले कोणी गेले असेल, तर त्याच्या नावाने मेणबत्ती लागते. काही घरांत त्याच्यासाठी ताट वाढून ठेवतात आणि सारे न बोलता जेवतात. पितृपक्षात पान वाढणाऱ्या आपल्या घरांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

२१ डिसेंबरच्या सुमारास ‘युल’. सर्वांत मोठी रात्र सरून सूर्य पुन्हा जन्म घेतो, म्हणून ओंडका पेटवायचा, घर सदाहरित फांद्यांनी सजवायचे. फेब्रुवारीच्या आरंभी ‘इम्बोल्क’. अजून थंडी असते, पण मेंढ्यांना दूध उतरू लागते आणि बर्फातून पांढरी इवली फुले डोकावतात. आयर्लंडच्या ब्रिजिट देवीच्या नावाने घरभर मेणबत्त्या लावून साफसफाई करण्याचा हा दिवस.

२० मार्चच्या आसपास दिवस-रात्र समान होतात. तेव्हा अंडी रंगवतात, मनात इच्छा धरून बी पेरतात. मग येतो १ मेचा ‘बेल्टेन’, सर्वांत उल्हासाचा. रानात पांढरा मोहोर फुललेला असतो. होळ्या पेटतात, खांबाला रंगीत फिती बांधून त्याभोवती नाच होतो, जोडपी हातात हात घालून विस्तवावरून उडी मारतात. एडिंबराच्या काल्टन टेकडीवर १९८८ पासून ३० एप्रिलच्या रात्री अग्निउत्सव भरतो आणि तो पाहायला पंथाबाहेरचे लोकही हजारोंनी येतात.

२१ जूनच्या सुमारास मध्यग्रीष्म. स्टोनहेंजच्या प्रचंड शिळांमध्ये लोक रात्रभर जागून उगवता सूर्य पाहतात. १९८५ मध्ये इथे येणारा जथा पोलिसांनी अडवला, मोठी झटापट झाली आणि पुढे कित्येक वर्षे या दिवशी तिथे बंदी होती. २००० पासून मात्र त्या पहाटे लोकांना आत मोकळेपणी जाऊ दिले जाऊ लागले.

१ ऑगस्टला नव्या गव्हाची पहिली पाव-भाकरी भाजून वाटून खायची, हा ‘लूनसा’ किंवा ‘लामास’. सप्टेंबरात पुन्हा दिवस-रात्र समान होतात, तेव्हा सफरचंदे आणि सुगीचे आभार. त्यानंतर चाक परत साउइनकडे वळते.

विधीसाठी देऊळ लागत नाही. कुणाच्या बैठकीच्या खोलीत खुर्च्या बाजूला सारून, नाहीतर बागेत, वर्तुळ आखले जाते. मीठ घातलेले पाणी शिंपडतात, चार दिशांना चार तत्त्वांचे आवाहन करतात, शेवटी केक आणि मद्याचा पेला सगळ्यांत फिरतो. मंडळी रूढीने तेरापर्यंतची. पण आज असंख्य लोक हे सण घरी एकटेच करतात.

पण हे जुने किती?

गार्डनर यांचा दावा होता की हा सारा धर्म प्राचीन आहे. त्यांच्या पाठीशी मार्गारेट मरे या विदुषी होत्या. चेटकाच्या आरोपावरून मारल्या गेलेल्या चेटकिणी म्हणजे एका जुन्या धर्माच्या अनुयायी होत्या, असे त्यांनी १९२१ च्या आपल्या ग्रंथात मांडले होते. पुढच्या इतिहासकारांनी पुरावे तपासले आणि तो सिद्धांत टिकला नाही. ब्रिस्टल विद्यापीठाचे प्राध्यापक रोनाल्ड हटन यांनी १९९९ मध्ये या पंथाचा सविस्तर इतिहास लिहिला. त्याचे सार असे की, विक्का हा विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये घडलेला धर्म आहे.

आठ सणांचेही तसेच. साउइन, इम्बोल्क, बेल्टेन आणि लूनसा यांचे उल्लेख आयर्लंडच्या मध्ययुगीन साहित्यात आहेत. ‘युल’ हा शब्द जर्मन वंशाच्या लोकांकडून आला. परंतु हे आठही सण एकत्र पाळणारा असा एकही प्राचीन समाज सापडत नाही. गार्डनर यांच्या मंडळीतही आधी चारच सण मोठे होते. १९५८ मध्ये सदस्यांनी मागणी केली, तेव्हा बाकीच्या चारांना बरोबरीचा मान मिळाला. सप्टेंबरच्या सणाला आज अनेक जण ‘मेबन’ म्हणतात. ते नाव १९७० च्या दशकात एका अमेरिकन लेखकाने वेल्सच्या जुन्या कथांतून उचलले. त्या कथेचा सुगीशी काही संबंध नाही.

हे सर्वांत आधी कोणाच्या लक्षात आले असेल, तर डोरीनबाईंच्या. १९५३ च्या मध्यग्रीष्मात त्यांना दीक्षा मिळाली होती. विधींची पोथी हाती येताच त्यांना त्यातल्या कित्येक ओळी अलेस्टर क्राउली या त्या काळच्या कुप्रसिद्ध तांत्रिकाच्या पुस्तकांतल्या दिसल्या. त्यांनी तसे तोंडावर सांगितले. गार्डनर म्हणाले की, मिळालेले सारे तुटक होते, ते जोडायला घेतले. तुम्हाला याहून चांगले जमत असेल तर करा. डोरीनबाईंनी खरोखरच पोथी नव्याने लिहिली. आज जगभर म्हटल्या जाणाऱ्या या पंथाच्या प्रार्थनांत त्यांचा वाटा मोठा आहे.

१९५७ मध्ये मात्र ठिणगी पडली. गार्डनर यांना वर्तमानपत्रांत झळकण्याची हौस. मंडळीतील इतरांना नोकऱ्या आणि शेजारपाजार सांभाळायचा होता. डोरीनबाई आणि काही जणांनी त्यांच्यापुढे लेखी नियम ठेवले. गार्डनर यांनी उत्तर दिले की, नियम आधीपासूनच आहेत, आणि एक ‘प्राचीन’ संहिता पाठवून दिली. तिच्यात एक कलम असे होते की, वय झाल्यावर पुजारणीने तरुण स्त्रीसाठी खुशीने जागा सोडावी. ही प्राचीन संहिता तोवर कोणीच पाहिली नव्हती. डोरीनबाई काय समजायचे ते समजल्या आणि मंडळी सोडून बाहेर पडल्या.

पंथ मात्र त्यांनी सोडला नाही. मृत्यूपर्यंत, म्हणजे १९९९ पर्यंत, त्या आपले सण करीत राहिल्या. १९८९ मध्ये त्यांनी आपल्या आठवणींचे पुस्तक लिहून काय जुने, काय नवे, कोणी काय रचले, हे मोकळेपणाने सांगून टाकले. ब्रायटनमधील ज्या साध्या सरकारी इमारतीत त्या राहत, तिच्यावर त्यांच्या नावाची निळी पाटी लागली, तीही २१ जून २०१३ रोजी, मध्यग्रीष्माच्या दिवशी.

ऋतू उलटले तर?

या पंथाला खरा पेच पडला तो ऑस्ट्रेलियात. तिथे डिसेंबरात उन्हाळा आणि जूनमध्ये हिवाळा. कडक उन्हात सूर्याच्या पुनर्जन्माचा ओंडका कसा पेटवायचा? तिथल्या बहुतेकांनी चाक सरळ उलटे फिरवले. युल जूनमध्ये, बेल्टेन ३१ ऑक्टोबरला, मृतांची रात्र एप्रिलच्या अखेरीस. एवढेच नव्हे, इंग्लंडमध्ये दुपारचा सूर्य दक्षिणेला असतो म्हणून अग्नीची दिशा दक्षिण. ऑस्ट्रेलियात सूर्य उत्तरेकडून जातो, म्हणून अनेकांनी अग्नी उत्तरेला नेला आणि वर्तुळात फिरण्याची दिशाही बदलली.

त्याच मेलबर्न-सिडनीत आपली मराठी घरे जानेवारीच्या ऐन उन्हाळ्यात संक्रांत करतात. थंडीत अंगात ऊब राहावी म्हणून खायचा तिळगूळ घाम पुसत वाटला जातो. त्यांनी तारीख बदलली नाही. त्यांना त्या दिवशी पुण्या-नागपुरातल्या घराशी जोडलेले राहायचे असते. एकाने ऋतू धरला, दुसऱ्याने गोतावळा. दोन्हींत चूक काहीच नाही, कारण आपण काय धरले आहे हे दोघांनाही ठाऊक आहे.

सण कुठे ना कुठे, कोणी ना कोणी सुरू केलेलाच असतो. १९५३ च्या त्या रात्री हंड्याभोवती फेर धरणाऱ्यांना उजेडाची ओढ होती, ती खरी होती. गीत दुपारीच लिहिले गेले म्हणून ती कमी झाली नाही. खोटे होते ते फक्त गीताचे वय. आणि ‘हे पूर्वापार आहे’ एवढ्या एका वाक्यावर उद्या कोणाला गप्प बसवले जाऊ शकते, कोणाला जागा सोडायला सांगितले जाऊ शकते, हे डोरीनबाईंनी चार वर्षांतच अनुभवले. आपल्याही घरांत सणावारी असे वाक्य अधूनमधून ऐकू येते. ते कोण, कोणाला आणि कशासाठी सांगत आहे, एवढे पाहून घेतले की सणाचा आनंद कुठे जात नाही.