भुलीचा नेम

चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला जिम कॉर्बेटने १९०७ साली मारले, तेव्हा तिच्या उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले निघाले. कुणाची तरी जुनी गोळी तोंडावर लागली होती. नेहमीची शिकार जमेनाशी झालेली ती वाघीण माणसांकडे वळली आणि ४३६ बळी तिच्या नावावर लागले. मोठ्या जनावरावर झाडलेली गोळी वीतभर इकडेतिकडे गेली तर काय होते, याचे इतके भयंकर उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शौकाची शिकार थांबवली. रानातल्या जनावरावर नेम धरण्याचे काम मात्र आपल्याकडे, वन्यजीव पशुवैद्यकांकडे आले. आपण त्याला ‘बार’ म्हणत नाही, ‘भूल द्यायची आहे’ म्हणतो. या मवाळ शब्दाने आपला हात सैल पडतो, असे मला अलीकडे फार वाटू लागले आहे. वेग दुप्पट झाला की डार्टमधली ऊर्जा चौपट होते. लांबच्या गव्यासाठी ठेवलेला दाब न बदलता जवळच्या बिबट्यावर डार्ट सोडला, तर मांडीचे हाड मोडू शकते. बरगड्यांत घुसला तर फुप्फुस, कुशीत घुसला तर आतडे.

मागच्या मांडीचा किंवा पुठ्ठ्याचा भरदार स्नायू, नाहीतर खांदा. या जागा आपल्या सगळ्यांना पाठ आहेत. पण मावळत्या उजेडात, उसाच्या सरीत, ती जागा नीट समोर येईपर्यंत थांबणे फार कठीण असते. काही वर्षांपूर्वी ऊसतोडीच्या दिवसांत मी थांबलो नाही. बिबट्या अंग चोरून बसला होता, मांडी अर्धीच दिसत होती आणि मागे गाव लोटले होते. डार्ट तिरका लागला, औषध स्नायूत न जाता कातडीखाली साचले. अर्धवट गुंगीत तो दोन शेते ओलांडून गेला. वाटेत विहीर लागली नाही म्हणून वाचला. त्या संध्याकाळी गर्दीला दोष देऊन मी मोकळा झालो. घोड्यावर बोट माझे होते, हे कबूल करायला मला बराच काळ लागला.

कधी नेम अचूक असूनही जनावर हातचे जाते. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूडमध्ये शिरलेला गवा आपल्याला आठवत असेल. गर्दीच्या गोंगाटात कित्येक तास धावून थकलेला तो गवा पकडल्यानंतर दगावला. जिवाच्या आकांताने पळणाऱ्या जनावराचे अंग तापते, रक्तात आम्ल वाढते, स्नायूंच्या पेशी फुटू लागतात. त्यात अड्रेनलिन उसळलेले असले की झायलाझिन नीट चढत नाही. मग दुसरा डार्ट, तिसरा डार्ट. अशा वेळी आधी माणसे मागे हटवायची, जनावराला आडोसा आणि शांतता मिळू द्यायची. जमलेच तर परतीची वाट मोकळी करून डार्ट पेटीतच ठेवायचा.

‘आत्ता मारणार नाही’ हे सांगण्याचा अधिकार डार्ट सोडणाऱ्या पशुवैद्यकाचा असलाच पाहिजे. पाणी असलेल्या विहिरीतल्या बिबट्याला भूल दिली तर तो बुडेल, हे आता गावकऱ्यांनाही पटते आणि ते बाज किंवा शिडी सोडायला मदत करतात. तिरक्या बसलेल्या, धापा टाकणाऱ्या, भर दुपारच्या उन्हात सापडलेल्या जनावराबद्दलही तेवढ्याच ठामपणे बोलायला आपण शिकले पाहिजे.

आपल्या नोंदवहीत औषध, मात्रा, भूल चढायला लागलेला वेळ, सारे असते. डार्ट नेमका कुठे लागला, हे मात्र बहुधा ‘मागील पाय’ एवढ्यावर उरकलेले असते. पुढच्या अंकासोबत बिबट्या, वाघ आणि गवा यांच्या दोन्ही बाजूंच्या कोऱ्या आकृत्या देत आहोत. नेम जिथे धरला तिथे फुली, डार्ट जिथे लागला तिथे टिंब, शेजारी अंतर आणि दाब. चुकलेले डार्टही नोंदवा. नाव लिहिण्याची गरज नाही. पहिली आकृती मी माझ्या उसातल्या बिबट्याची भरणार आहे.