विकत घेतलेलं आणि भाड्यानं घेतलेलं

मेहकरला एका चाचांचं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मदरशाच्या सनदा, असलं काम. त्यांच्या टेबलावर विंडोज एक्सपीचा एक जुना संगणक अजून चालतो. त्याला इंटरनेट नाही. मागच्या बाजूला एक डोंगल खोचलेलं असतं, ते काढलं की उर्दूचं इनपेज सुरूच होत नाही. सुलतानपूरहून सहामाहीचे उर्दू पेपर घेऊन मी त्यांच्याकडेच जातो. मागच्या खेपेला सहज म्हणालो, "चाचा, आता तरी नवीन घ्या." ते माऊस न सोडता म्हणाले, "सर, ये मेरा है. नया वाला हर महीने पूछेगा, पैसे भरे क्या?"

मी हसलो, पण परतीच्या एसटीत तेच डोक्यात घोळत राहिलं.

उर्दू शिकवणाऱ्याला इनपेजचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. नस्तालीक ही संगणकाला अवघड लिपी. अक्षरं उजवीकडून डावीकडे तिरपी उतरत जातात आणि शेजारच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतात. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडरूपं हातानं लिहून नूरी नस्तालीक तयार केलं आणि १९८१ साली लाहोरचा 'जंग' त्यात निघाला. १९९४ मध्ये दिल्लीच्या कन्सेप्ट सॉफ्टवेअरनं इनपेज आणलं, तेव्हा हे काम साध्या संगणकावर आलं. कातिबाच्या दारात वाट पाहण्याचे दिवस संपले. मराठीकडे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीनं असंच काम केलं. महाग होतं, पण एकदा पैसे मोजले की विषय संपला.

मे २०१३ मध्ये अडोबीनं जाहीर केलं की क्रिएटिव्ह सूटची सहावी आवृत्ती शेवटची, पुढचं सगळं वर्गणीवर. त्या वाटेनं मग बरेच जण गेले. कंपन्यांची बाजू अगदीच खोटी नाही. सुधारणा सतत कराव्या लागतात, सर्व्हर चालवावे लागतात, त्याचा खर्च दर महिन्याला येतो. आणि ज्याला एखादं सॉफ्टवेअर दोनच महिने लागणार आहे, त्यानं पूर्ण किंमत का मोजावी? लग्नाचा मंडप आपण विकत घेतो का?

पण आमच्याकडे मिळकत महिन्याच्या हिशेबानं येत नाही. सोयाबीन विकलं की शेतकऱ्याकडे पैसा. लग्नसराई आली की चाचांकडे. विनाअनुदानित शाळेतल्या माझ्या मित्रांकडे तर कधी, ते संस्थाचालकांनाच ठाऊक. अशा घरातून ठरलेल्या तारखेला आपोआप पैसे कापले जाणं ही साधी गोष्ट नाही. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं अशा कपातीच्या किमान चोवीस तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं, हे बरं झालं. पण तो इंग्रजी मेसेज वाचतो कोण?

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. आम्ही चार शिक्षकांनी वर्गणी काढून सराव परीक्षांचं एक ॲप वर्षभरासाठी घेतलं. उर्दू आणि मराठी मिळून दोनशेच्या वर प्रश्न रात्री जागून आम्हीच त्यात टाकले. उन्हाळ्यात मुदत संपली. जूनमध्ये उघडलं तर प्रश्न दिसेनात, आधी पैसे भरा. ॲप त्यांचं, मान्य. पण प्रश्न तर आमचे होते!

आपल्या फिक्हमध्ये विक्री आणि इजारा हे दोन वेगळे करार आहेत. विक्रीत मालकी जाते, इजाऱ्यात फक्त वापर. दोन्ही जायज, अट एवढीच की काय ठरलंय ते दोघांना स्वच्छ ठाऊक हवं. इजारा हा शब्द वऱ्हाडाला नवा नाही, यवतमाळकडे गावांच्या नावांनाच तो चिकटलेला आहे. माझी तक्रार भाड्याबद्दल नाही. भाडेकरूनं घर सोडताना त्याची पेटी घरमालकानं ठेवून घ्यावी, याबद्दल आहे.

आता आपलंही थोडं बोलू. एकदाच विकत घेण्याच्या काळाची आठवण काढताना आपल्यातले किती जण खरंच विकत घेत होते? दहा रुपयांच्या सीडीवरून, डोंगल तोडलेलं, असंच बहुतेकांनी वापरलं. मीही बीएडला असताना तेच केलं. ज्यानं मेहनत केली त्याचा हक बुडवला आणि आज तो वर्गणी मागतो म्हणून रडतो, हे मला स्वतःला पटत नाही. चाचांनी मात्र पावती घेऊन घेतलं होतं. ती पावती त्यांनी लॅमिनेट करून ठेवली आहे.

मधला रस्ता आहे. कृषी केंद्रवाले, किराणा ठोकवाले जे टॅली वापरतात, त्यात कायमचा परवाना घेता येतो. सुधारणांसाठी दरवर्षी वेगळे पैसे. ते नाही भरले तरी हातातली आवृत्ती चालत राहते. ज्याला थोड्याच दिवसांचं काम आहे, त्याला भाड्यानंही मिळते. मला हे न्यायाचं वाटतं. आणि ज्याला साधे पेपर टाइप करायचेत, त्यानं लिब्रेऑफिस वापरावं. ते फुकट आहे, चोरीचं नाही. नोटो नस्तालीक उर्दू हा फाँटही मोफत मिळतो. अक्षरं नूरीसारखी देखणी नाहीत, चाचा नाक मुरडतील, पण पेपर नीट वाचता येतो.

चाचांचंही सगळं सुरक्षित आहे असं नाही. त्यांच्या जुन्या इनपेजमधला मजकूर युनिकोडमध्ये नाही. तो सरळ उचलून व्हॉट्सॲपवर टाकला तर भलतीच चिन्हं येतात. एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टनं एप्रिल २०१४ लाच काढला. उद्या तो संगणक बसला किंवा डोंगल हरवलं, तर वीस वर्षांच्या सनदा आणि पत्रिका त्यांच्याच कपाटात कुलूपबंद होतील. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा माऊस सोडून माझ्याकडे वळले.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या फायली युनिकोडमध्ये आणायचं ठरलंय. आधी सनदा घेणार आहोत. पत्रिकांची घाई नाही, असं चाचा म्हणतात, त्या लोकांची लग्नं होऊन गेली.