फक्त कामाचंच बोला?

चार पुरुष एकत्र बसून बोलले की आपली भाषा त्याला चर्चा म्हणते. चार बायका बोलल्या की त्या चकाट्या, कुचाळक्या, चहाड्या, नळावरच्या गप्पा. पारावर दिवसभर बसलेल्या माणसाला कुणी हटकत नाही. पण दारात दहा मिनिटं उभी राहिलेली बाई ‘घरात काही काम नाही का?’ हे ऐकून घेतेच. हे सगळं आपण किती शिबिरांतून बोललो आहोत. फळ्यावर हे शब्द बायकांकडून लिहून घेतले आहेत. मीही घेतले आहेत. आणि तरीही २०२५ च्या एप्रिलमध्ये मी स्वतःच ४३ बायकांना लिहून कळवलं, ‘ग्रुपवर फक्त महत्त्वाचे मेसेज टाकावेत. गाणी, रेसिपी, सुप्रभात नको.’

त्या एका सूचनेबद्दल मला लिहायचं आहे.

हा ग्रुप पुण्यातल्या एका वस्तीतल्या बायकांचा. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा धान्याच्या पिशव्या कुणाला पोचल्या आणि कुणाच्या राहिल्या ते कळावं म्हणून मी तो व्हॉट्सॲपवर सुरू केला. पोळ्या करणाऱ्या, धुणंभांडी करणाऱ्या, दोघीतिघी शिलाईवाल्या, एक अंगणवाडी मदतनीस. निम्म्याजणींना टाइप करायला जमत नाही, त्या बोलून पाठवतात. पहिले पंधरा दिवस नुसती यादी : गहू, तेल, डाळ. मग एका रात्री साडेअकराला कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, ‘झोप येते का गं कुणाला?’ पाच मिनिटांत नऊजणींची उत्तरं आली. सगळ्या जाग्या होत्या. नवरे घरात, पोरं घरात, दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, आणि झोप कुणालाच नाही.

तिथून तो ग्रुप माझा राहिला नाही. बेसनाच्या वड्या फसल्या, त्याचा फोटो आला. कुणाच्या सासूची कवळी हरवली, ती पिठाच्या डब्यात सापडली. भाचीचं बारसं आहे, ‘श’वरून नाव सुचवा. मुलगा दहावीला गणितात अडकला. आणि गाणी! शिलाईवाली एक ताई रोज सकाळी मशीनवर बसायच्या आधी स्वतःच्या आवाजात एक कडवं म्हणून पाठवायची. कधी लताबाईंचं, कधी माहेरच्या भजनी मंडळातला अभंग, कधी वामनदादा कर्डकांचं भीमगीत. मागे कुकरची शिट्टी, कुणाचं तरी खोकणं. मग पोळ्यावाल्या मावशी सांगायच्या, ‘आज सूर वरचा लागलाय, घसा शेक.’

मला याचा त्रास व्हायचा, हे कबूल करते. सकाळी उठून बघावं तर शंभर मेसेज, आणि बैठकीची सूचना त्यांच्या तळाशी बुडालेली. यात माझ्या शिक्षणाचाही भाग आहे. एम.एस.डब्ल्यू.ला असताना क्षेत्रकार्याचा अहवाल लिहावा लागे. वस्तीत तीन तास घालवले तर कुठला तास कशासाठी ते मांडायचं. ‘गप्पा मारल्या’ असं लिहायची सोयच नव्हती. त्याला ‘संबंध प्रस्थापित केले’ म्हणायचं, आणि तेही पहिल्या दोन भेटींपुरतं चालायचं. तिसऱ्या भेटीतही संबंधच प्रस्थापित होत असले, तर मॅडम विचारायच्या, पुढे काय? ते ‘पुढे काय’ माझ्या डोक्यात असं बसलं की पंधरा वर्षांत निघालं नाही.

पण खरं कारण हे नव्हतं. खरं कारण १४ एप्रिल. त्या दिवशी सकाळपासून ग्रुपवर भीमगीतं यायला लागली. दुपारी एकीने लिहिलं, ‘ग्रुपवर राजकारण नको.’ त्यावर दुसरीने विचारलं, ‘आठ दिवसांपूर्वी रामनवमीचा पाळणा आला, तेव्हा ते काय होतं?’ वातावरण तापलं. बोलायची पाळी माझी होती. अभंग जसं काहीजणींच्या घरातलं गाणं, तसंच भीमगीत इथल्या निम्म्याजणींच्या घरातलं, एवढंच सांगायचं होतं. मी सांगितलं नाही. दोन्हीकडचं मन राखायचं म्हणून सरसकट सगळीच गाणी बंद केली. त्या वेळी मला तो तटस्थपणा वाटला. आता कळतं की जिने हरकत घेतली तिचंच मी ऐकलं, फक्त त्याला समानतेचं नाव दिलं. सवर्ण घरात वाढलेल्या बाईला अशी चूक किती सहज जमते!

ग्रुप शांत झाला. माझ्या सहकारी म्हणाल्या, आता कसं नीटनेटकं वाटतं. ‘शनिवारी ४ वाजता बैठक.’ खाली अंगठा, अंगठा, अंगठा.

जुलैत एका दुपारी शिलाईवाली ताई आमच्या केंद्रावर आली. डावं मनगट सुजलेलं. मे महिन्यातच नवऱ्याने तिचा फोन काढून घेतला होता. ग्रुपवर आम्ही टाकलेली कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याची माहिती त्याच्या वाचनात आली, आणि ‘ह्या बैठकांना जातेस होय’ म्हणून सुरुवात झाली. पुढे शिलाई मशीनही त्याने विकायला काढलं, तेव्हा ती अडवायला मध्ये पडली. दोन महिने ती ग्रुपवर नव्हती, आणि ४२ बायकांपैकी एकीलाही ते कळलं नाही. कळणार कसं? बोलत तर कुणीच नव्हतं.

पोळ्यावाल्या मावशी तिच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. त्या मला म्हणाल्या, ‘ताई, आधी तिचं गाणं यायचं. एक दिवस नसतं आलं तर दुपारी मी तिच्या दारात जाऊन उभी राहिले असते. तुम्हीच म्हणालात ना, गाणी नको.’

मला उत्तर देता आलं नाही.

गाणी चालू असती तर मार थांबला असता, असं मी म्हणत नाही. तो माणूस आधीही हात उगारत होता. पण कुणाला तरी कळलं असतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्क्यांनी कुणाची तरी मदत मागितली. ७७ टक्के बायका कुणापाशी काही बोलल्याच नाहीत. हे आकडे मी किती तरी प्रशिक्षणांत वापरले आहेत आणि दर वेळी पुढे म्हटलं आहे, म्हणून मदतकेंद्रं हवीत, हेल्पलाइन हवी. त्या हव्यातच. टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये, राष्ट्रीय महिला आयोगाने तक्रारींसाठी व्हॉट्सॲपचा नंबर सुरू केला, तेही चांगलंच झालं. पण बाई नंबर फिरवण्यापाशी एकदम पोचत नाही. तिची सुरुवात ‘झोप येते का गं कुणाला’ इथून होते. मग कधीतरी हात दुखतो, मग तो कशाने दुखतो. या पायऱ्या आपण काढून टाकल्या आणि वरच्या मजल्यावर कार्यालय थाटून बसलो, तर ती वर येणार कशी?

दुसरी गोष्ट मला त्या नवऱ्यामुळे कळली. त्याच पाहणीत, स्वतः वापरता येईल असा मोबाइल देशातल्या ५४ टक्के स्त्रियांकडेच आहे. आणि असलेला फोन तरी पूर्ण तिचा कुठे? आमच्या ग्रुपमधले निदान दहा फोन मुलांचे आहेत, आणि संध्याकाळी नवऱ्याच्या हातात न जाणारे फोन मी बोटांवर मोजू शकते. अशा घरात मसाल्याचं प्रमाण विचारणारा ग्रुप चालून जातो. ‘बायकांचं काहीतरी’ म्हणून तो कुणी उघडून बघत नाही. नुसत्या बैठका आणि कायदा असलेला ग्रुप मात्र लगेच डोळ्यांवर येतो. दोघीतिघींनी तर ग्रुपचं चित्र गणपतीचं दिसावं म्हणून माझ्याकडे हट्ट धरला होता, तेव्हा मी त्यांना अंधश्रद्धेवर चार शब्द सुनावले होते! वड्या, बारसं, कवळी हा त्यांचा पडदा होता. तो आम्ही शिस्तीच्या नावाखाली ओढून काढला.

हे बायकांना नवीन नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या डोंगराळ भागापासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांचा आकडा एक लाखाच्या वर गेला. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या उपक्रमातून त्या लोकांपुढे येत आहेत. त्या वाचताना आणि ऐकताना काय दिसतं? भाऊ, आई, सासू, बाळ, पाऊस, पंढरी, बाबासाहेब. म्हणजे घर, गाणं आणि रोजचं जगणं. पहाटेच्या अंधारात दोघी समोरासमोर बसायच्या, जात्याची घरघर चालू असायची, आणि दिवसा उजेडी तोंडातून काढता न येणारं बोलणं ओवीत घातलं जायचं. घर झोपलेलं, आणि ऐकलं तरी ते ‘दळताना म्हणतात तसलं काहीतरी’. विजेवरची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. ते गेलं म्हणून रडणारी बाई मला अजून भेटायची आहे. आमच्या मावशी म्हणतात, ‘बरं झालं मेलं ते, खांदे निखळायचे.’ कष्ट गेले हे उत्तमच. पण बोलण्याची जागाही गेली, आणि ती भरून काढायचं काम कुणीच केलं नाही. नळ घरात आले तेव्हाही तेच झालं.

आपल्या चळवळीला हे एके काळी नीट माहीत होतं. स्त्री मुक्ती संघटनेचं ‘मुलगी झाली हो’ १९८३ मध्ये आलं आणि गावोगाव पोचलं, त्यात गाण्यांचा वाटा केवढा होता! तेव्हाच्या गटांबद्दल आमच्या ज्येष्ठ मैत्रिणी सांगतात तेव्हा त्यात ठराव कमी आणि रात्र-रात्र गाद्या टाकून केलेल्या गप्पाच जास्त असतात. मग प्रकल्प आले, त्रैमासिक अहवाल आले, ‘लाभार्थी’ आल्या. गप्पांसाठी रकाना राहिला नाही.

आता कुणी म्हणेल, गप्पांनी वाईटही होतं. होतं. याच ग्रुपवर २०२२ मध्ये एकीच्या मुलीबद्दल, ती कुणाच्या गाडीवर दिसली यावर, दिवसभर बोललं गेलं, आणि त्या पोरीचं कॉलेज महिनाभर बंद झालं. ज्या बोलल्या त्यांतल्याच दोघीजणी नंतर तिच्या बापाला समजवायला गेल्या. पण महिना गेला तो गेला. निवडणुकीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या कारखान्यात तयार झालेलं विषही इकडून तिकडे ढकललं जातं. माझ्या लेखी त्या गप्पा नव्हेत. त्यात बोलणारी कुठे असते? तेवढा एक नियम आम्ही ठेवला आहे : आपलं बोला, आपलं गा, आलेलं पुढे ढकलू नका.

आणखी एक. इतका वेळ मी गप्पांचे उपयोगच सांगत आले, हे लिहिताना माझ्या लक्षात आलं. पडदा म्हणून, पायरी म्हणून, खबर म्हणून. हीसुद्धा कार्यकर्तीची खोड. उपयोग सिद्ध झाल्याशिवाय बाईला मोकळा वेळ मिळू नये, हे तर घरातलंच म्हणणं! २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत, घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका दिवसाला २८९ मिनिटं त्यात घालवतात आणि असं काम करणारे पुरुष ८८ मिनिटं, असं दिसलं. त्या २८९ मधून चोरलेल्या दहा मिनिटांत एखादीने कवळीची गोष्ट सांगून बाकीच्यांना हसवलं, तर त्याचा हिशेब तिने मला का द्यावा?

ऑगस्टच्या बैठकीत मी ती सूचना मागे घेतली. १४ एप्रिलचा विषयही काढला. तीन तास लागले. भीमगीतांना हरकत घेणारी ताई माझ्याशी सहमत झाली नाही. ‘मी ऐकणार नाही, पण थांबा असंही म्हणणार नाही,’ एवढ्यावर ती आली. बाजूला बसलेल्या दोघींना हे पुरेसं वाटलं नाही, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. तो वाद अजून चालू आहे.

शिलाईवाली ताई बहिणीकडे राहते आहे. २००५ च्या कायद्याखाली तिचा अर्ज गेला आहे, मशीन परत मिळालं आहे, फोन बहिणीचा. तिचं गाणं मात्र अजून आलेलं नाही. मध्यंतरी तिने साडीला फॉल लावायचा इकडे काय भाव चाललाय असं विचारलं, तर सतराजणींनी उत्तरं दिली आणि त्यावरून दोघींची जुंपली. बैठकीची सूचना त्यात वर कुठेतरी सरकून गेली. म्हणून आता मी शुक्रवारी संध्याकाळी दारोदार जाऊन सांगते. ४३ दारं, दोन संध्याकाळी लागतात, आणि चहा इतक्या वेळा घ्यावा लागतो की रात्री जेवण जात नाही.