घरचे आरोग्य : वय झाले म्हणून सोडून देऊ नका



आबा जेवत नाहीत, अंग उतरले, बाजेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, दोनदा अंगणात पडले. आपण म्हणतो, ‘वय झालं आता.’ पण कधी कधी यामागे वेगळेच दुखणे असते, आणि ते औषधाने आवरते.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते. तिला अॅड्रिनल म्हणतात. तिच्यातून कॉर्टिसॉल नावाचा रस रक्तात मिसळतो. रक्तदाब व साखर सांभाळणे, आजारात अंगाला तग धरायला लावणे हे त्याचे काम. तो कमी पडला की माणूस खंगत जातो. इंग्लंडच्या डॉ. थॉमस अॅडिसन यांनी १८५५ साली या रोगाचे वर्णन केले.

आपल्याकडे याचे एक मोठे कारण क्षयरोग. दुसरे कारण म्हणजे सांधेदुखीसाठी किंवा दम्यासाठी बरेच दिवस घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या एकाएकी बंद करणे. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांतही स्टेरॉइड असू शकते. अशा पुड्या घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

मग ओळखायचे कसे? मळमळ, पोटदुखी, सारखे खारट खावेसे वाटणे ही लक्षणे असतात. म्हाताऱ्या माणसात कधी नुसती पडझड किंवा असंबद्ध बोलणे एवढेच दिसते. शेतकऱ्याचा चेहरा उन्हाने रापतोच. म्हणून ऊन न लागणारी जागा पाहा : तळहाताच्या रेषा आणि हिरड्या. तेथे नव्याने काळेपणा आला असेल तर डॉक्टरांना दाखवा. गोळ्या बंद केल्याने झालेल्या दुखण्यात मात्र हा काळेपणा येत नाही.

तपासणी अवघड नाही. निजवून व उभे करून रक्तदाब पाहतात. सकाळी आठच्या सुमारास रक्त घेऊन कॉर्टिसॉल मोजतात. सोडियम व पोटॅशियमही पाहतात. शंका उरली तर एक इंजेक्शन देऊन पुन्हा रक्त तपासतात.

उपचार म्हणजे रोजच्या गोळ्या, पुष्कळांना जन्मभर. त्या मनाने बंद करू नयेत. ताप आला तर मात्रा किती वाढवायची हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. उलट्या थांबत नसतील किंवा माणूस गळून शुद्ध हरपू लागला तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच गाडी जोडा व मोठा दवाखाना गाठा. हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन आणि सलाइन वेळेवर मिळाले तर जीव वाचतो. रोगाचे व गोळ्यांचे नाव लिहिलेली चिठ्ठी रुग्णाच्या खिशात कायम असू द्या.

आज घरी आजी-आबांचा तळहात एकदा उजेडात धरून पाहा.