पोरीच्या रेसचं वय

मागच्या पोस्टिंगची गोष्ट. महिन्यातल्या एखाद्या रविवारी पहाटे पाच वाजता आम्ही चेन्नईहून श्रीपेरुंबुदूरच्या रस्त्याला लागायचो. गाडीत बायको, लेक, साताऱ्याहून आलेले अप्पा, टूलबॉक्स आणि इडलीचा डबा. मागून छोट्या टेम्पोत दोरखंडाने बांधलेली मोटरसायकल. सगळे निघालेले असायचे इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर. साधारण पावणेचार किलोमीटर लांबीचा, बारा वळणांचा.

अप्पा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. घरात वेगाचं वेड त्यांनीच आणलं. गाडी ट्रॅकवर उतरवण्याआधी आरसे आणि साइड स्टँड काढायचा आणि ऑइलच्या नटाला तार बांधायची, म्हणजे नट सुटून मागच्याच्या चाकाखाली ऑइल सांडत नाही. हे सगळं काम त्यांच्याकडे. बायको स्टॉपवॉच घेऊन पिटमध्ये उभी. मी चाळिशी ओलांडल्यावर नवशिक्यांच्या गटात उतरलो आणि बहुतेक वेळा शेवटून तिसरा आलो. खडकवासल्याला तीन वर्षं सायकल हाणली होती, पण ती इथे काही कामाला आली नाही.

लोक विचारतात, फौजी माणूस असून हा जिवावरचा छंद कशाला? माझं उत्तर एका घराशी जोडलेलं आहे.

माझ्या युनिटमधला एक जवान दोन वर्षं सीमेवर काढून सुट्टीवर गेला. साठवलेल्या पगारातून नवी मोटरसायकल घेतली. गावापासून चार किलोमीटरवर तो गेला. हेल्मेट हँडलला अडकवलेलं होतं. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याच्या वडिलांनी एवढंच विचारलं, "साहेब, तिकडं गोळीनं नाय गेला, आन् हितं कसा वो?" मला उत्तर देता आलं नाही. ज्यांनी युनिटची कमान सांभाळली आहे, त्यांच्यापैकी अनेकांनी असं एखादं घर पाहिलं असेल. 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यांतली जवळजवळ 75 हजार दुचाकीवरची होती.

वेगाची ओढ तरुणाच्या अंगातून हुकूम देऊन काढता येत नाही, हे मी वीस वर्षांच्या नोकरीत शिकलो. तिला जागा मात्र देता येते. ट्रॅकवर समोरून ट्रक येत नाही. पिवळा झेंडा दिसला की ओव्हरटेक बंद, लाल दिसला की रेस थांबली. पायापासून मानेपर्यंत चामड्याचा सूट, पाठीला गार्ड आणि बाजूला अँब्युलन्स. एकदा ट्रॅकवर घसरून पडलेला माणूस रस्त्यावर वेगळ्या नजरेने गाडी चालवतो. मीही पडलो, तेव्हापासून नाक्यावरच्या दुकानात जातानाही हेल्मेटचा पट्टा लावतो.

पण ऑगस्ट 2023 मध्ये त्याच ट्रॅकवर एका रेसमध्ये 13 वर्षांचा मुलगा गेला. आम्ही त्या दिवशी तिथे नव्हतो. रात्री बायको म्हणाली, "जवानांना तू सुट्टीवर जाताना गाडीवरून लेक्चर देतोस. आणि पोरीला तिथे नेतोस?" लेक तेव्हा 15 वर्षांची होती आणि पुढच्या मोसमात रेसमध्ये उतरायचं तिने ठरवून टाकलं होतं.

झेंडे, सूट, अँब्युलन्स हे माझे सगळे मुद्दे त्या रात्री तोकडे पडले. पडलेल्या रायडरच्या मागे इतर गाड्या असतात, आणि गर्दीत मागच्याला वळायला जागा मिळतेच असं नाही. सरावात अंतर ठेवता येतं, रेसमध्ये कोणी ठेवत नाही. शेवटी घरात ठरलं की शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली सराव करायचा, पण 18 पूर्ण होईपर्यंत रेस नाही.

लेक भडकली. "बाबा, बाकीचे दहाव्या वर्षापासून रेस करतात. अठराव्या वर्षी सुरू करून मी कुठे पोहोचणार?" तिचं खरं होतं. जगातले मोठे रायडर लहानपणीच सुरुवात करतात. पण 2021 मध्ये युरोपात कोवळ्या वयाचे रायडर ट्रॅकवर गेले, तेव्हा ग्रां प्रीमध्येही 2023 पासून किमान वय सर्वसाधारणपणे 18 करावं लागलं. मग आपल्याकडच्या आईबापांना एवढी घाई कसली?

हौशी रेसिंग कुटुंबाने मिळून जरूर करावं, असं माझं ठाम मत आहे. फक्त आपली राहून गेलेली हौस पोराच्या मागच्या सीटवर बसवू नये. तेरा वर्षांचं मूल "मला भीती वाटते" असं स्टॉपवॉच घेऊन उभ्या असलेल्या बापाला सांगू शकत नाही. अठराव्या वर्षी ते निदान "नाही" म्हणू शकतं.

यंदा लेक 18 ची झाली. पहिल्या रेसच्या सकाळी पावसाने ट्रॅक ओला होता. दोन वळणं पाहून आल्यावर तिने हेल्मेट काढलं आणि म्हणाली, "आज नको, अप्पा." अप्पांनी काही न बोलता तार सोडून साइड स्टँड परत बसवला. मी तिच्या हातात इडलीचा डबा दिला.

त्या दिवशी मला तिचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा एखाद्या ट्रॉफीनेही वाटला नसता. पुढची रेस दोन महिन्यांनी आहे. अप्पांनी गाडीचं ऑइल आत्ताच बदलून ठेवलंय.

जय हिंद.