समीपदृश्य आणि चौकटीबाहेरचे जग

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत विणला जाणारा टेरी टॉवेल पूर्वी व्यापाऱ्याच्या गादीवर उलगडला जाई. घेणारा त्यावरून हात फिरवी, कोपरा चिमटीत धरून जाडी अजमावी, वजन पाही आणि मगच भावाची बोलणी सुरू होत. आज तोच टॉवेल मोबाइलच्या पडद्यावर विकला जातो. हाताच्या स्पर्शाची जागा छायाचित्राने घेतली आहे. त्यातही अगदी जवळून टिपलेल्या छायाचित्राने. त्यालाच क्लोज-अप किंवा समीपदृश्य म्हणतात.

टेरी कापडात उभ्या धाग्यांचे दोन संच असतात. एक ताणलेला असतो, दुसरा सैल. सैल धाग्यांचे लूप कापडावर उभे राहतात आणि तेच पाणी शोषून घेतात. छायाचित्र काढताना प्रकाश बाजूने तिरपा टाकला, की प्रत्येक लूपची सावली पडते आणि कापड भरगच्च दिसते. समोरून टाकला, तर तेच कापड सपाट वाटते. त्यामुळे ३०० जीएसएमचा टॉवेल पडद्यावर ५०० जीएसएमचा भासू शकतो, कारण चौकटीत तुलनेसाठी दुसरे काहीच नसते. छायाचित्रातील प्रत्येक धागा खरा असतो, तरीही ग्राहकाची फसगत होते. समीपदृश्याचे सामर्थ्य आणि धोका दोन्ही येथेच आहेत.

हे सामर्थ्य महाराष्ट्राने फार लवकर ओळखले. १९३४ साली प्रभात फिल्म कंपनीचा ‘अमृतमंथन’ हा चित्रपट मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत आला. दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी त्यात टेलिफोटो भिंगाचा वापर केला आणि राजगुरूचा डोळा सारा पडदा व्यापून राहिला. हिंदी आवृत्तीत ही भूमिका चंद्रमोहन यांनी, तर मराठीत केशवराव दाते यांनी केली होती. नरबळी आणि पशुबळी बंद करणारा राजा व त्याच्याविरुद्ध कट रचणारा राजगुरू हा त्या कथेचा गाभा. अहिंसेचा संस्कार असलेल्या घरांना तो आजही जवळचा वाटेल. धर्माच्या नावाने चालणारी क्रूरता त्या एका डोळ्यात संवादावाचून प्रकटली. मात्र त्या डोळ्याला अर्थ आला तो कथेमुळे. राजगुरूची करणी प्रेक्षकांना ठाऊक नसती, तर तो केवळ एक मोठा डोळा राहिला असता.

रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांचा, सुमारे शंभर वर्षांपूर्वीचा प्रयोग प्रसिद्ध आहे. एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याला त्यांनी कधी सूपच्या वाडग्याचे, तर कधी शवपेटीचे दृश्य जोडले. चेहरा तोच, पण प्रेक्षकांना त्यात कधी भूक दिसली, कधी शोक. दूरचित्रवाणी मालिकांत एकाच प्रसंगी सासूचा, सुनेचा, पुन्हा सासूचा चेहरा दाखवून जो ताण निर्माण केला जातो, त्याचे मूळ याच तत्त्वात आहे.

मालिकेतील चेहरे अभिनयाचे असतात, म्हणून तेथे बिघडत नाही. बातमीतील चेहरे मात्र खऱ्या माणसांचे असतात. १८ मे २०२५ रोजी पहाटे याच अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याला भीषण आग लागली. आठ जणांचा मृत्यू झाला. त्यांत कारखान्याचे मालक होते, त्यांच्या कुटुंबातील माणसे होती, कामगार होते आणि एक तान्हे बाळही होते. अशा घटनेनंतर कॅमेरा स्वाभाविकपणे अश्रूंकडे वळतो. पाहणाऱ्याचे मन हेलावते, ही माणुसकीच होय. परंतु रडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याशी कॅमेरा नेण्यापूर्वी त्याची संमती आहे काय, हा प्रश्न उरतोच. व्यक्तिगत शोकाच्या क्षणी छायाचित्रणाने अतिक्रमण करू नये, असे भारतीय वृत्तपत्र परिषदेचे आचारसूत्र आहे.

दुसरा प्रश्न अधिक मोठा आहे. अश्रूंच्या समीपदृश्यात इमारत दिसत नाही. सुताचा साठा कोठे रचला होता, बाहेर पडायला दुसरी वाट होती काय, विजेची तपासणी केव्हा झाली होती, कामाच्या जागी माणसे राहत असतील तर त्यांच्या सुटकेची काय सोय होती, हे सारे चौकटीबाहेर राहते. चेहरा पाहून हळहळ वाटते. पण पुढचा अपघात टळायचा असेल, तर कॅमेरा मागे नेऊन सगळी वास्तू पाहावी लागते. कारखाना आणि घर एकाच आवारात असणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ही पाहणी स्वतःच करावी. त्यासाठी बातमीची वाट पाहू नये.

व्यापारातही हाच नियम लागू पडतो. ऑनलाइन विक्रीसाठी ठेवलेल्या वस्तूचे वर्णन व छायाचित्र प्रत्यक्ष मालाशी जुळलेच पाहिजे, अशी हमी विक्रेत्याकडून घेण्याचे बंधन ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० यांनी विक्रीमंचांवर घातले आहे. कायदा नसता तरी पेढीची पत तेच सांगते. लूपचे समीपदृश्य अवश्य द्यावे. त्याशेजारी पूर्ण उलगडलेला टॉवेल, लांबी-रुंदीची माप आणि जीएसएमचा खरा आकडाही द्यावा. नव्या पिढीची मुले दुकानाची छायाचित्रे उत्साहाने काढतात. त्यांना प्रकाशयोजनेबरोबर एवढी शिस्तही घरातूनच मिळायला हवी.

ताळेबंदातील एकच आकडा अचूक असला, तरी त्यावरून कोणी कर्ज मंजूर करीत नाही. सगळे पान पाहावे लागते. जवळून दिसते ते खरे असते, पण ते पुरते नसते.