ऐंशी रुपयांची उसनवारी

हल्ली लग्नकार्यात भेटलेल्या मुलांना "पगार किती?" असं कुणी विचारत नाही. "फंडिंग मिळालं का?" असं विचारतात. मिळालं म्हटलं की पेढे! मला हे पेढे काही समजत नाहीत. परक्याचा पैसा घरात आला की आनंदाआधी थोडी काळजी वाटायला हवी, नाही का?

धंद्यातलं मला काय कळतं, असं आमच्या घरातली उद्योगी मंडळी म्हणतीलच. म्हणोत. मी जन्मभर इतिहास शिकवला, तेव्हा एक जुनी हकीकत सांगते.

१५ मार्च १९५९. मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ऐंशी रुपये, तेही छगनलाल पारेख नावाच्या समाजसेवकाकडून उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. हेच ते लिज्जत. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, एक उत्तम आणि एक स्वस्तातला. पारेखांनी, म्हणजे छगनबाप्पांनी, सांगितलं, एकच प्रत ठेवा आणि ती चांगलीच ठेवा. दुसरं सांगितलं, हिशेब नीट लिहा. देणगी घ्यायची नाही, हे तर ठरलेलंच होतं.

पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, चार महिने काम बंद! दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी. झालं. मला ही खाट फार आवडते. हातात लाख रुपये असते तर आधी मोठी जागा घेतली असती आणि मग भाडं भरत बसल्या असत्या.

पहिल्या वर्षाची विक्री होती ६,१९६ रुपये. १९६१ साली मालाडला शाखा काढायचा प्रयत्न केला, तो फसला. महाराष्ट्राबाहेरची पहिली शाखा निघाली १९६८ मध्ये, गुजरातेत वालोडला. नऊ वर्षं! आजच्या मुलांना नऊ महिने धीर नसतो. आज लिज्जतच्या हजारो भगिनी आहेत आणि काम करणारी प्रत्येक जण मालकीण आहे.

आता दुसरं टोक. बायजूज ही तर आमच्याच क्षेत्रातली, शिकवण्याची कंपनी. २०२२ साली तिची किंमत २२ अब्ज डॉलर धरली गेली. एका वर्षाचा हिशेब दीड वर्ष उशिरा बाहेर आला, तर त्यात साडेचार हजार कोटींवर तोटा. जून २०२३ मध्ये लेखापरीक्षक सोडून गेले आणि जुलै २०२४ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या कारवाईत गेलं. शाळेच्या सहलीचा हिशेब आठ दिवसांत मुख्याध्यापकांपुढे ठेवणाऱ्या आम्हा लोकांना हे झेपत नाही.

रॉकेट किंवा औषध ऐंशी रुपयांत होत नाही, हे मान्य. तिथे मोठा पैसा आधीच लागतो. पण जेवणाचे डबे पोचवायला, शिकवण्या घ्यायला? तिथे पहिलं भांडवल गिऱ्हाइकाकडून यावं. गुंतवणूकदाराचा पैसा असला की गिऱ्हाईक नाखूश आहे हे उशिरा कळतं, एवढंच माझं म्हणणं.

हे सगळं आठवायचं कारण असं, की बहिणीच्या नातवाने माझ्या फंडाच्या पैशांबद्दल विचारलं. मुलगा गुणी आहे. मी त्याला म्हटलं, "बाळा, तुझं सादरीकरण नको दाखवूस. दुसऱ्यांदा विकत घेणारे किती, तेवढं कागदावर लिहून आण." आणि रक्कमही सांगून टाकली. बुडाली तरी दिवाळीच्या फराळाला त्याच्याशी नीट बोलता येईल इतकीच. त्यावर एक रुपयाही नाही. ह्यांना तीही जास्त वाटते आहे. नातेवाईक मंडळींनो, तुमच्याकडेही तो येणार आहे, म्हणून आधीच लिहून ठेवलं.